हिरवं नाव

कुकटपल्लीच्या त्या ऑफिसात मी नेमकं काय काम करत होते, हे मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. माझ्या टेबलावर दोन कॉम्प्युटर होते. डावीकडच्यावर मी एका खोट्या नावाने असायची, उजवीकडच्यावर दुसऱ्या. डावीकडून "हॅलो" लिहायचं, खुर्ची उजवीकडे सरकवायची, "हॅलो" पोहोचलं का ते बघायचं, उत्तर द्यायचं आणि परत डावीकडे यायचं. खुर्चीला चाकं होती, तेवढंच सुख. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत मी माझ्याशीच बोलत असे आणि त्याचा मला पगार मिळत असे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंटरनेट अजून घरोघरी नव्हतं, पण नाक्यानाक्यावर सायबर कॅफेच्या पाट्या लागल्या होत्या आणि हैदराबादला जो येईल तो कॉम्प्युटरच्याच कामाला येत होता. मीही पुण्याहून तशीच आले. आमची कंपनी वीसेक माणसांची. लोकांना एकमेकांशी लिहून बोलता यावं असं एक सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. परदेशी सॉफ्टवेअरं होतीच, पण आपलं देशी हवं असं आमच्या मालकांनी मनावर घेतलं होतं. ते अजून अर्धकच्चं होतं. असा अर्धकच्चा माल ओळखीच्या लोकांना फुकट वापरायला द्यायचा आणि त्यातल्या चुका त्यांच्याचकडून काढून घ्यायच्या, याला बीटा म्हणतात. या लोकांना दर शुक्रवारी एक पत्रक जायचं : या आठवड्यात नवीन काय, काय दुरुस्त झालं, काय व्हायचंय. ते लिहायला कुणी तयार नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

राहायला मी नल्लकुंट्यात होते. घरमालकीण मराठी आहे म्हटल्यावर मी खोली न बघताच हो म्हणून टाकलं होतं. बाई मराठीच, पण जुन्या निजामी मुलखातल्या. त्यांचं अर्धं बोलणं मला पहिला महिनाभर कळत नव्हतं, आणि माझं पुणेरी बोलणं ऐकून त्यांच्या जावा तोंडाला पदर लावायच्या. स्वयंपाकघरात मराठी, उर्दू, तेलुगू सगळं एकाच पातेल्यात शिजायचं. मी ताट घेऊन दाराशी बसायची. एकदा अंबाडीची भाजी वाढता वाढता त्यांनी मला विचारलं, "दिनभर कोणासंग बाता करतीस म्हणं तू? अन् घरला आली की तोंडाला कुलूप." मी म्हटलं, कॉम्प्युटरशी. त्या "हौ का" म्हणाल्या आणि आणखी एक भाकरी वाढली.

बाई चांगल्या होत्या. तरी मला तिथे फार एकटं वाटायचं, हे आता मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. तेव्हा मी ते कुणाला सांगत नव्हते, कारण हट्टाने घर सोडून आलेल्या माणसाला तशी सोय नसते. आणि जिथे सांगावंसं वाटायचं, तिथे सांगायची सोयच नव्हती.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाबा चिंचवडला एकटे. तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. तयार झालेला प्रत्येक भाग मापाला लावायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल रंगाचा फराटा मारून बाजूला. बाबांनी खराब माल कधी पास केला नाही, वरून दट्ट्या आला तरी नाही. यावरून त्यांची दोनदा बढती हुकली आणि त्याचाही त्यांना अभिमान होता. शेजारच्या शेडमध्ये घणाची मशीनं चालायची. त्या तीस वर्षांत बाबांचे दोन्ही कान गेले. कानाचं यंत्र आणलं, तर त्यातून नुसती शिट्टी ऐकू येते म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. मी शेजारच्या काकूंकडे फोन करायचे. काकू बाबांना बोलावून आणायच्या आणि त्यांच्या कानाशी ओरडायच्या, ती विचारतेय जेवलात का म्हणून. लांबून बाबांचा आवाज यायचा, जेवलो म्हणावं. काकूंच्या तोंडून ओरडून घेता येईल एवढंच बोलणं आमच्यात उरलं होतं. बाबांची पोस्टकार्डं यायची, पण त्यांत प्रकृती ठीक असल्याचं कळवून तुझीही ठीक असावी, याच्या पुढे गाडी जात नसे. मला बाबांशी बोलायचं होतं. भांडायचं असतं तरी चाललं असतं.

म्हणून आमच्या साहेबांनी प्रत्येकाने आपापल्या ओळखीची पाच माणसं बीटासाठी द्यावीत असं सांगितलं, तेव्हा मी पहिलं नाव बाबांचं घातलं. आमच्या घराजवळ एका बाईंचा टायपिंग क्लास होता. मी तिथेच टायपिंग शिकले होते. टाइपरायटर विकून त्यांनी त्या जागी चार कॉम्प्युटर मांडले होते. त्यांनी बाबांना सगळं शिकवलं. आमचं ठरलं : दर शनिवारी दुपारी चार वाजता. शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस असायचं. इतर दिवशी मी खोट्या नावांनी, आमच्या वेगळ्या चाचणीच्या यंत्रणेवर काम करायची. माझ्या खऱ्या नावाने मी फक्त शनिवारी, फक्त बाबांसाठी यायची.

माणूस येऊन बसला की यादीतलं त्याचं नाव हिरवं व्हायचं, उठून गेला की राखाडी. पहिल्या शनिवारी चारला दोन मिनिटं असताना बाबांचं नाव हिरवं झालं. मी लिहिलं, "बाबा, मी आहे." तेव्हा इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहावं लागे. बाबा दोन बोटांनी टाइप करत, पण एकही चूक न करता. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"दोष क्रमांक एक. नाव लिहायचा चौकोन लहान आहे."

मी मोठ्याने हसले. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. त्या दिवशी त्यांनी सात दोष कळवले. बाबांना 'तपासणी' हा शब्द सांगण्यात माझीच चूक झाली होती. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी कुणीतरी त्यांना परत कामावर घेतलं होतं आणि त्यांनी त्यासाठी नवी वही घातली होती. दोषाचं वर्णन, केव्हा आढळला, किती वेळा आढळला. आमच्या ऑफिसातल्या पगारी लोकांनीही इतकं नीट लिहिलं नसतं. नवा निरोप आला की आवाज होतो असं बाई म्हणतात, मला होत नाही, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरची खिडकी हलावी, असं त्यांनी एकदा कळवलं. साहेबांना ते इतकं आवडलं की पंधरा दिवसांत आमची खिडकी हलायला लागली. मी पत्रकात ती बातमी सगळ्यांत वर टाकली. बाबांचं उत्तर आलं, उशिरा केलंत, पण केलंत.

ते दर पत्रकाला उत्तर देत. मला मात्र दोष नको होते. जेवणाचं काय करता म्हणून विचारलं की, डबा लावलाय, दोष क्रमांक एकोणीस. आईच्या खोलीतलं कपाट उघडलंत का, तर, नाही, दोष क्रमांक वीस. मी घरमालकिणीबद्दल, बसमधल्या भांडणाबद्दल, नव्या चपलेबद्दल लिहायची, आणि त्यांना दिसायची ती माझ्या वाक्याची दुसरी ओळ चौकोनाबाहेर गेलेली. एका शनिवारी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लिहिलं, बाबा, खड्ड्यात गेले ते दोष, तुम्ही कसे आहात ते सांगा. उत्तर आलं, प्रकृती ठीक, दोष नको असतील तर तपासायला कशाला दिलंय? मी निरोप न घेता पडदा बंद केला आणि निघाले. रविवारभर खोलीत तोंड फुगवून पडून होते. माझा राग काढायला ज्यांच्याशी भांडायचं ते पाचशे किलोमीटरवर होते आणि त्यांना मी रागावलेय याचा पत्ताही नव्हता.

याच सुमारास आमच्या एका बीटा वापरणाऱ्याचं पत्र आलं. त्याचं लग्न ठरलं होतं. त्याचं म्हणणं असं की, तिचं नाव हिरवं दिसतं, म्हणजे ती बसलेली असते, पण मी लिहिलं तर उत्तर देत नाही. विचारलं तर शपथेवर सांगते की मी तिथे नव्हतेच. आता आमचं लग्न मोडायची वेळ आली आहे, तरी कृपया लक्ष घालावं. ऑफिसात ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं आणि सगळे पोट धरधरून हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं आणि सांगितलं, बाकी सगळं बाजूला ठेव.

मुलगी खरं बोलत होती. आमच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायची एक पद्धत होती, एक बटण दाबून रजा घ्यायची. तसं न करता वीज गेली, लाइन तुटली किंवा कुणी नुसतंच मशीन बंद केलं, तर आमच्या सर्व्हरला, म्हणजे सगळे निरोप ज्याच्यामार्फत जायचे त्या मधल्या कॉम्प्युटरला, ते कळत नसे. माणूस अजून बसलाच आहे असं धरून तो नाव हिरवं ठेवायचा. एक दिवस, दोन दिवस, माणूस परत येऊन नीट रजा घेईपर्यंत. शिवाय त्या रिकाम्या खुर्चीकडे आलेले निरोप तो खुशाल घ्यायचा आणि ते कुठेच पोहोचायचे नाहीत. मी तीन आठवडे मुद्दाम तारा उपटून काय होतं ते बघत बसले. शेवटी उपाय झाला : सर्व्हरने दर मिनिटाला प्रत्येक मशीनला हळूच विचारायचं, आहेस का म्हणून, उत्तर नाही आलं तर नाव राखाडी. एका गुरुवारी ही दुरुस्ती चढवली. साहेब सगळ्यांसमोर मला शाबास म्हणाले. शुक्रवारच्या पत्रकात मी ठळक अक्षरांत लिहिलं, यापुढे हिरवं नाव म्हणजे खात्रीने हजर माणूस, तुमच्या यादीत आता कुणीही खोटं दिसणार नाही. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बाबाच होते. एक मोठा दोष मी स्वतः शोधून दुरुस्त केला होता. ते काहीतरी बरं बोलतील अशी मला आशा होती.

पत्रकाला त्यांचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवारी मी चारपासून साडेपाचपर्यंत बसले. बाबांचं नाव हिरवं झालं नाही. असं कधीच झालं नव्हतं. काकूंकडे फोन कुणी उचलेना, त्या आपल्या लेकीकडे गेल्या होत्या हे मला नंतर कळलं. रविवार कसा काढला ते मला सांगता येणार नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी एसटीडी बूथवरून टायपिंगच्या बाईंना फोन लावला.

"काका बरे आहेत गं," बाई म्हणाल्या. "सकाळीच भाजी घेताना दिसले. पण इथे येत नाहीत. एरवी रोज यायचे."

मी म्हटलं, रोज नाही, शनिवारी.

"रोज. दुपारी तीनला यायचे, तासभर बसायचे. लिहायचे काहीच नाहीत, नुसते बघत बसायचे. मी एकदा विचारलंसुद्धा, काका, काही लिहायचं नाही का? तर म्हणाले, ती कामात आहे, मध्ये बोलायचं नाही."

बूथमध्ये उकडत होतं. बाईंनी पुढचं सांगितलं. शुक्रवारी ते नेहमीसारखे तीनला आले, पाच मिनिटं पडद्याकडे बघितलं, तुमचं ते पत्रक उघडून वाचलं, चष्मा खिशात ठेवला आणि, आता बरोबर चालतंय, एवढंच म्हणून निघून गेले. मी बाईंना विनवून सांगितलं की येत्या शनिवारी त्यांना चार वाजता बसवाच.

ऑफिसला परत आल्यावर मी साहेबांची परवानगी घेऊन सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. कोण केव्हा आलं, केव्हा गेलं, हे सगळं तिथे असायचं. बाबांच्या नावापुढे ओळीने दुपारचे तीन, तीन, तीन. सोमवार ते शुक्रवार, गेले चार महिने. आणि माझ्या नावापुढे शनिवारी आल्याची नोंद होती, गेल्याची नव्हती. शनिवारी साडेपाचला आमचा वॉचमन येऊन सर्व्हरची खोली सोडून बाकीचा मेन स्विच पाडायचा, आणि मी तोवर उठून पर्स शोधत असायची. रजा घेतल्याशिवाय मशीन बंद करू नका, असं मी दर पत्रकात लोकांना बजावत होते आणि स्वतः एकदाही रजा घेतली नव्हती. स्वतःचं नाव स्वतःच्या यादीत दिसत नाही. बाबांच्या यादीत मी आठवडाभर हिरवी होते, कुकटपल्लीत नसतानाही, नल्लकुंट्यात पालथी पडून रडत असतानाही.

न पोहोचलेल्या निरोपांची एक वेगळी यादी असे. तिच्यात बाबांचा एकच निरोप होता, अगदी सुरुवातीच्या दिवसांतला.

"आज मंगळवार. तू दिसतेस. काम नसेल तर बोलू."

त्यात दोष क्रमांक नव्हता. मी तो निरोप किती वेळा वाचला ते माहीत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने बरं वाटत नाही का म्हणून विचारलं, तर मी डोळ्यांत काहीतरी गेलंय असं सांगितलं. चार महिने मी दर शनिवारी त्यांच्याकडून एवढंच वाक्य काढून घ्यायला धडपडत होते, आणि ते केव्हाचं माझ्याच ऑफिसात येऊन पडलं होतं. त्यांना उत्तर मिळालं नव्हतं. त्यानंतर त्यांनी परत विचारलं नाही.

त्या शनिवारी चारला बाबांचं नाव हिरवं झालं. ते आपण होऊन काही लिहिणार नाहीत हे मला माहीत होतं. मीच सगळं सांगितलं. की मी इतर दिवशी तिथे नसायचीच. की ते नाव खोटं होतं, मशीन नुसतंच बंद केल्यामुळे तसं दिसत होतं. की मंगळवारचा तुमचा निरोप मला मिळाला नाही, मिळाला असता तर हातातलं सगळं टाकून मी बोलले असते. की मी कामात नव्हते, बाबा.

त्यांचं टायपिंग सावकाश. मी पडद्याकडे बघत राहिले.

"खोटं आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. बाईंकडचं एक मशीन मुद्दाम बंद करून बघितलं. तीस वर्षं हेच केलं आहे."

म्हणजे तो दोष सगळ्यांत आधी त्यांनी पकडला होता. चौकोनाची रुंदी कळवणाऱ्या माणसाने हा एवढा मोठा दोष वहीत लिहिलाच नव्हता. मी विचारलं, मग कळवलं का नाही?

"कळवलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस."

मग थोड्या वेळाने, "घरी बसून तरी काय करायचं. तिथे तू दिसत होतीस."

आणि आणखी थोड्या वेळाने, "गेल्या शनिवारी आलो नाही. तपासणीच्या माणसाने दोष लपवला. लाज वाटली."

मी लाज कसली म्हणून लिहायला लागले. खूप काही लिहायचं होतं. मला तिथे किती एकटं वाटतं ते मी त्यांना कधीच लिहिलं नव्हतं, ते लिहायला घेतलं, खोडलं, परत घेतलं. तेवढ्यात बाबांनी लिहिलं की एक जण मशीनसाठी थांबला आहे, त्याला देतो, तू वेळेवर जेव. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी बटण दाबून रीतसर रजा घेतली. त्यांचं नाव तत्क्षणी राखाडी झालं.

मी एक ओळ लिहून पाठवली, "बाबा, सोमवारपासून रोज तीनला मी खरंच येऊन बसेन." गेल्या आठवड्यापर्यंत सर्व्हरने ती मुकाट्याने घेतली असती. आता पडद्यावर एक पाटी आली : ही व्यक्ती इथे नाही, निरोप पोहोचणार नाही. पाटीवरचा मजकूर मीच लिहून दिला होता.